पाडव्याचं पंचांग

मोरोपंतांनी नवं पंचांग वसंताच्या मांडीवर टाकलं.

"वाच."

वसंतानं हातातली पाटी बाजूला ठेवली. पंचांगाचं एक पान उलटलं, मग दुसरं उलटलं आणि त्यावर बोट ठेवलं. ओसरीवर ऊन आलं होतं म्हणून तो थोडा सावलीत सरकला.

"मोठ्यानं," मोरोपंत म्हणाले. ते भिंतीला पाठ लावून डोळे मिटून बसले होते.

वसंत वाचू लागला. गणेशाला नमस्कार झाला, शक झाला, मग "भावनाम संवत्सरे" म्हणून तो पुढे निघाला. आवाज स्वच्छ होता. कुठे अडखळणं नव्हतं. दरेक वाक्याच्या शेवटी त्याचा आवाज किंचित वर जात होता, जसं कुणी काम करता करता वाचावं आणि मधेच ऐकणाऱ्याकडे पाहावं.

मोरोपंतांनी डोळे उघडले.

भाव संवत्सर उद्या संपत होतं. परवा पाडव्याला लागणारं नवं संवत्सर युवा. साठही संवत्सरांची नावं मोरोपंत झोपेतून उठून सांगू शकत होते. पोरगं मागच्या वर्षीचं म्हणत होतं. मागच्या पाडव्याच्या आधी त्याच्या आईनं, रमानं, याच ओसरीवर तांदूळ निवडता निवडता जे वाचलं होतं ते, तसंच्या तसं, आवाजाच्या चढउतारासकट. समोरच्या पानाशी त्याचा काही संबंध नव्हता.

ते उठले आणि त्यांनी वसंताच्या कानशिलात मारली.

"कोणतं म्हणून राहिला तू? हे मागच्या वर्षीचं आहे. समोर काय छापलं ते वाच."

वसंत पानाकडे पाहत राहिला.

"दिसत नाही तुला?"

"दिसतं."

"मग काहून वाचत नाही?"

"हलतं," वसंत म्हणाला. त्यानं गालाला हात लावला नाही. "अक्षरं एका जागी राहत नाहीत, आप्पा. एक धरलं का दुसरं सुटतं."

मोरोपंतांचा हात पुन्हा वर गेला होता, तो तसाच राहिला.

"हे बोलायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी नाही."

"खोटं बोलतो. कुणीतरी सांगितलं तुला."

मोरोपंत आत गेले, माठातून गडूभर पाणी घेतलं आणि उभ्यानंच प्यायले. अर्धं अंगावर सांडलं. अंगणात दूधवाली गंगूबाई उभी होती. तिनं चरवी खाली ठेवली होती आणि पदर खोचून ती त्यांच्याकडे पाहत होती.

"महाराज, पोराले मारून राहिले काहून?"

"तू दूध घाल आणि जा."

"जातोच. मले काय करा लागते." तिनं पातेल्यात दूध ओतलं. "बाई होत्या तवा या घरातून वाचाचा आवाज ये रस्त्यावर. आता मारायचा येते."

मोरोपंतांनी गडू जोरात माठावर ठेवला. माठावरचं झाकण फुटलं. गंगूबाईनं फुटलेल्या झाकणाकडे पाहिलं आणि चरवी उचलून निघून गेली.

'अक्षरं हलतात.' हे वाक्य मोरोपंतांनी या घरात कधी उच्चारलेलं नव्हतं. ते त्यांनी आयुष्यात एकदाच म्हटलं होतं, पातूरला, मामांच्या समोर पोथी घेऊन बसले असताना, वसंतापेक्षाही लहान वयात. मामांनी पुष्कळ वेळ त्यांच्याकडे पाहिलं होतं. मग पोथी फडक्यात बांधून वर फळीवर ठेवली होती आणि म्हणाले होते, "तुला कशाला ती. कानानं घे."

तेव्हापासून त्यांनी सगळं कानानं घेतलं. मामा एकदा म्हणत, मोरू पाठोपाठ दोनदा म्हणे. संथा अशीच असते, ती काही त्यांच्यासाठी मुद्दाम काढलेली नव्हती. मिसरूड फुटेपर्यंत लग्नाचं, मुंजीचं, श्राद्धाचं, वास्तूचं सगळं त्यांच्या तोंडात बसलं. अमरावतीला येऊन त्यांनी बुधवाऱ्यात बिऱ्हाड केलं, यजमानांची घरं धरली, नाव मिळवलं. एवढा पाठ असलेला भिक्षुक शहराच्या परकोटाच्या आत दुसरा नाही, असं लोक म्हणत. ते खरं होतं.

मोरोपंतांना वाचता येत नव्हतं.

स्वतःचं नाव ते ओळखत. देवाची काही नावं ओळखत. त्यापुढे पान म्हणजे मुंग्यांचं वारूळ. यजमानाकडे ते पोथी समोर मांडत आणि अंदाजानं पान उलटत. कोणी त्या पानाकडे पाहत नसे. हे फक्त रमाला माहीत होतं. लग्न झाल्यावर महिन्याच्या आत तिला कळलं. ती पुजाऱ्याची नाही, शाळामास्तराची मुलगी होती, वाचायला शिकून आली होती. तिनं विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. एके दिवशी सकाळी ती चूल पेटवता पेटवता पंचांगातली तिथी, वार, नक्षत्र मोठ्यानं वाचू लागली, जशी काही तिची ती सवयच असावी. दुसऱ्या दिवशी पुन्हा. कोणती पोथी कोणत्या रंगाच्या फडक्यात, तेही तिनं आपणहून ठरवून टाकलं. तिनं घरात आलेला दरेक छापील कागद मोठ्यानं वाचला. साखरेच्या पुड्याचासुद्धा. शेजारणी हसत. ती म्हणे, मला मनात वाचता येत नाही बाई.

कार्तिकात ती तापानं गेली. बारा-तेरा दिवसांचा ताप. तापात तिला शुद्ध होती आणि तरी तिनं, आता तुम्हाला कोण वाचून दाखवेल, असं एकदाही विचारलं नाही. मोरोपंतांना त्याचा राग होता. ती गेल्यापासून ते सगळ्यांवरच रागावलेले होते, वैद्यावर, तेराव्याला जेवून तूप कमी पडलं म्हणणाऱ्यांवर, गंगूबाईवर. पण सगळ्यात जास्त तिच्यावर. जायचंच होतं तर काही सोय लावून जायला हवं होतं.

सकाळची तिथी ते देवळात जाऊन ऐकून येत. तेवढ्यावर पाच महिने निघाले. पण पाडवा तसा निघणार नव्हता. पाडव्याला भिक्षुकानं नवं पंचांग यजमानांसमोर उघडून संवत्सरफल वाचायचं असतं. या वर्षी राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, धान्य कसं. दर वर्षी रमा आधी वाचायची, ते एकदा ऐकायचे, आणि पाडव्याला पंचांग मांडीवर उघडं ठेवून धाडधाड म्हणायचे. दुसऱ्या भिक्षुकाला विचारावं तर तो उद्याच गावभर सांगेल आणि परवा त्यांची घरं धरेल. राहिलं होतं ते चौथीतलं पोरगं. आणि पोरगं म्हणत होतं, हलतं.

*

दुपारी नत्थुजी आले. चांदूर बाजारकडच्या एका गावात त्यांची काळी जमीन होती. अमरावतीला सरकी विकायला आले की ते मोरोपंतांकडे डोकावल्याशिवाय जात नसत. ओसरीवर बसून त्यांनी पागोटं काढलं आणि त्यानंच वारा घेतला.

"पाडव्याले सकाळीच दमणी जुंपून धाडतो, महाराज. ऊन व्हायच्या आधी या."

"येतो."

"अवंदा सारं गाव येनार हाय ऐकाले. मागच्या साली तुमी म्हनलं पानी मांगून येईन, तं मांगूनच आलं. आमी थांबलो. ज्यायनं घाई केली त्यायचं बी जळलं." ते पुढे वाकले. "मले तरी आधी सांगा. किती आढक पानी हाय?"

"पाडव्याआधी उघडायचं नसतं."

"मंग हे उघडं काहून हाय?"

पंचांग ओसरीवर पालथं पडलेलं होतं. मोरोपंतांनी ते उचललं, बंद केलं आणि मांडीखाली घेतलं.

"पोरानं उघडलं."

"कुठी हाय पोरगं?"

वसंत दाराआड होता. तो बाहेर येऊन नत्थुजींच्या पाया पडला. नत्थुजींनी त्याच्या हनुवटीला धरून तोंड वर केलं. गालावर बोटं उठली होती. नत्थुजींनी ती पाहिली आणि हनुवटी सोडली.

"कितवीत रे तू?"

"चौथीत."

"मंग तुलेच आनतो पाडव्याले. बापाले सुट्टी देऊ. तू वाच, आमी ऐकू." ते हसले. "वाचशीन न? हुशार असशीनच, कोनाच्या पोटचा हायेस."

वसंतानं बापाकडे पाहिलं. मोरोपंतांनी नजर दुसरीकडे वळवली.

नत्थुजी गेल्यावर मोरोपंत बराच वेळ पंचांग मांडीखाली दाबून बसून राहिले. शाळेत जाऊन चौथं वर्ष. फी देतो. पाटी, पुस्तक, टोपी, सगळं देतो. एक ओळ शिकवली नाही त्या मास्तरानं. जसजसा विचार करत गेले तसा त्यांचा राग एका जागी गोळा झाला. त्यांना बरं वाटलं. रागाला माणूस सापडला होता.

*

शाळा सकाळची होती. दुसऱ्या दिवशी मोरोपंत पंचांग काखेत मारून आणि उपरणं खांद्यावर टाकून निघाले ते कुणाशी न बोलता थेट शाळेपर्यंत आले. कौलारू इमारत, दोनच खोल्या. हरिहर मास्तरांच्या खोलीत एका अंगाला चौथी बसत होती आणि दुसऱ्या अंगाला बिगारीची पोरं धूळपाटीवर अक्षरं गिरवत होती.

चौथीत वसंत नव्हता. मोरोपंतांनी दोनदा पाहिलं. मग तो त्यांना दिसला, बिगारीत. त्याच्या खांद्याएवढीही उंची नसलेल्या पोरांच्या मधोमध तो मांडी घालून बसला होता. शेजारचं शेंबडं पोर त्याचं बोट धरून धुळीत फिरवत होतं आणि ओरडत होतं, "असा नाही, असा." बाकीची खुदखुदत होती. वसंताचा दुसरा हात मांडीवर उताणा होता. तळहात लाल होता आणि बोटं मिटत नव्हती.

"या मोरोपंत," हरिहर मास्तर खुर्चीतून उठले. त्यांच्या हातात छडी होती. ती त्यांनी लपवली नाही. "मी निरोप धाडणारच होतो."

"हे काय करून राहिले तुम्ही?"

"काय म्हणजे? बसवलंय त्याला. ज्याला जे येत नाही ते त्यानं जिथं शिकवतात तिथं बसून शिकावं. पाडव्यानंतर तपासणीला डिप्टी साहेब येऊन राहिले. चौथीला उभं करून वाचायला लावतील. याची पाळी आली का साहेब याला नाही, मला विचारतील, इतकी वर्षं काय करत होता म्हणून."

"तेच मी विचारायला आलो." मोरोपंतांनी पंचांग टेबलावर आपटलं. धूळ उडाली. "चौथीतलं पोरगं. पंचांगाची एक ओळ वाचता येत नाही त्याला. शिकवता काय तुम्ही?"

चौथीतली कुजबूज थांबली. मास्तरांनी एकदा वर्गाकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"मोरोपंत, बाहेर चला. पोरं ऐकून राहिली."

"ऐकू द्या. त्यांच्या बापांनाही कळू द्या."

मास्तरांचा चेहरा बदलला. मग तेही सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलू लागले.

"ठीक आहे. तुमचा मुलगा सोंगाड्या आहे. पुस्तकातला धडा सांगा, पहिला शब्द सांगा, शेवटपर्यंत म्हणून दाखवतो. काना नाही मोडत. पण बोट ठेवून म्हण म्हटलं का बोट तिसऱ्याच ओळीवर. तीन वर्षं मला फसवलं त्यानं. मीही फसलो, मला वाटायचं हा वाचतो. आणि गंमत पाहा, कार्तिकापर्यंतचे सगळे धडे येतात. त्यापुढचा एकही नाही. आई गेली, मी समजू शकतो. दोन महिने मी त्याला बोललो नाही. पण माणसानं किती दिवस समजून घ्यायचं?" त्यांनी छडीनं वसंताच्या गालाकडे दाखवलं. "आणि मला काय विचारता. तुम्हीही घरी तेच करता, ते दिसतं."

कार्तिकापर्यंत.

रमा चुलीपाशी बसून वसंताचा धडा मोठ्यानं वाचायची. ते देवघरात असायचे, त्यांना ऐकू यायचं. त्या धड्यातला सिंह आणि त्या धड्यातला माळी त्यांनाही पाठ झाला होता. आणि पुड्याचा कागद, आणि वर्तमानपत्राचा तुकडा, आणि लग्नाची पत्रिका. ती जे काही वाचते ते आपल्यासाठी, असं ते इतकी वर्षं समजत आले होते. मला मनात वाचता येत नाही बाई. घरात ऐकणारे दोघं होते.

मास्तरांनी तेवढ्यात चौथीचं पुस्तक उघडून त्यांच्या हातात दिलं होतं.

"तुम्हीच वाचून दाखवा त्याला. हा धडा. एवढा मोठा विद्वान बाप, खणखणीत आवाज. बापाच्या तोंडून ऐकलं म्हणजे लाज वाटेल त्याला थोडी."

मोरोपंतांनी पुस्तक धरलं. वर एक चित्र होतं, विहीर आणि मोट. त्याखाली ओळी होत्या. त्यांनी पहिल्या अक्षरावर नजर ठेवली, ते धरलं, दुसऱ्याकडे गेले, आणि पहिलं निघून गेलं. चौथीची पोरं वाट पाहत होती. त्यांच्यात वकिलांचा मुलगा होता, ज्यांच्या घरची सगळी कार्यं मोरोपंत करत. पेढीवाल्यांचा होता. समोरच्या रांगेतल्या दोघांच्या मुंजी त्यांनीच लावल्या होत्या. कौलांखाली गरम होत होतं. हातातलं पुस्तक घामानं ओलं होऊ लागलं.

"गुरुजी," बिगारीतून आवाज आला.

वसंत उभा राहिला होता. बोटाला धूळ लागलेली होती.

"गुरुजी, आप्पांचा चष्मा घरी राहिला."

मोरोपंतांना चष्मा नव्हता. घरात कधीच चष्मा नव्हता.

त्यांनी पोराकडे पाहिलं. वसंतानं लगेच मान खाली घातली. काल ओसरीवर कानशिलात बसली तेव्हा तो एवढंच म्हणू शकला असता, मग तुम्हीच वाचा. नत्थुजींसमोर म्हणू शकला असता. तो म्हणाला नव्हता. आताही त्याचा हात सुजलेला होता, तो लहान पोरांच्यात उभा होता, आणि बापाला चष्मा देत होता.

मोरोपंतांना वाटलं होतं की हा दिवस आला तर लाजेनं आपण जमिनीत जाऊ. लाज आली नाही. जो राग घेऊन ते घरून निघाले होते तोच होता, फक्त त्याला आता माणूस सापडत नव्हता. मास्तर अपुरे पडत होते. त्यांनी पुस्तक मिटलं आणि टेबलावर ठेवलं.

"मला चष्मा नाही, मास्तर. मला वाचता येत नाही."

मास्तर हसले. "आता तुम्ही थट्टा करू नका."

"थट्टा करायला आलो नाही. याला जे होतं ते मला होतं. अक्षरं हलतात. याच्याहून लहान होतो तेव्हापासून हलतात, अजून थांबली नाहीत. माझ्या मामानं पोथी उचलून वर ठेवली. हात नाही लावला मला. म्हणून मी दर वर्षी तुमच्या वडिलांचं श्राद्ध सांगतो. त्यानं छडी घेतली असती तर आज मी कुठं गुरं वळत असतो."

"पण तुम्ही तर पोथी..."

"समोर ठेवतो. पान उलटतो. तुम्ही कधी वाकून पाहिलं?"

चौथीतल्या वकिलांच्या मुलानं शेजारच्याच्या कानात काहीतरी सांगितलं. संध्याकाळपर्यंत ते बुधवाऱ्यात पोचणार होतं. मोरोपंतांनी ते पाहिलं. उपरणं खांद्यावर नीट केलं, उजवा हात पुढे केला आणि तळहात उघडला.

"ज्याच्यासाठी याला मारलं ते मलाही येत नाही. मारा."

"मोरोपंत."

"मारा. मोठा आहे म्हणून सोडता काय? मी जास्त वर्षं फसवलं. याच्या तिप्पट बसल्या पाहिजेत."

"अहो, पोरं बघून राहिली."

"याला मारलं तेव्हाही बघत होती."

मास्तरांनी छडीकडे पाहिलं, मग समोरच्या हाताकडे. याच हातानं त्यांच्या थोरल्याच्या गळ्यात जानवं घातलं होतं. त्यांना काय करावं ते समजत नव्हतं. त्यांच्या कपाळावर घाम आला होता आणि तो ते पुसत नव्हते.

"मला तसं काही माहीत नव्हतं," ते शेवटी म्हणाले. "असं काही असतं हेच मी ऐकलेलं नाही. मला कुणी शिकवलं नाही यावर काय करायचं ते."

"मलाही नाही. मी काल मारलं त्याला." मोरोपंतांचा आवाज खाली आला नाही. "माझ्या घरात होती एक माहीत असलेली. ती गेली."

हात तसाच पुढे ठेवून त्यांनी डाव्या हातानं पंचांग मास्तरांकडे सरकवलं.

"मारायचं नसेल तर हे वाचा. उद्या नत्थुजींच्या दारात गाव बसणार आहे पाऊस ऐकायला. मला बोलावतात का नाही ते त्यांचं ते पाहतील. मी म्हणणार. संवत्सरफल काढा. सावकाश नको. एकदाच. मोठ्यानं वाचा."

"इथं? वर्गात?"

"शाळा आहे ना ही?"

कुणीतरी पोरगं हसलं आणि गप्प झालं. मोरोपंत वळले.

"वसंता, इकडे ये."

वसंत धूळपाट्या ओलांडून आला आणि बापाच्या शेजारी उभा राहिला. लाल झालेला हात त्यानं सदऱ्याला पुसला.

"ऐक. माझं एखादं सुटलं तर तू धर."

"हो, आप्पा."

मास्तरांनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग त्यांनी डाव्या हातानं पंचांग ओढलं आणि उघडलं. ते पुन्हा मिटलं. त्यांनी परत उघडलं, कोपरानं दाबून धरलं आणि वाचायला सुरुवात केली. आवाज आधी लागेना. शक झाला. युवानाम संवत्सर झालं. राजा गुरू, असं ते म्हणाले, आणि त्यांच्या पाठोपाठ, ऐकू येईल न येईल असा, वसंताचा आवाज आला. मग मोरोपंतांचा. खिडकीबाहेर एक टांगा गेला. बिगारीची पोरं धुळीतली बोटं तशीच ठेवून ऐकत होती.

पान संपलं. पंचांग नवं होतं, कागद एकमेकांना चिकटलेले होते आणि एका हातानं ते उलटेनात. मास्तरांनी दोनदा प्रयत्न केला. पुढचं पाऊसमान पलीकडच्या पानावर होतं, आणि समोर बापलेक वाट पाहत उभे होते.

मास्तरांनी छडी टेबलावर ठेवली आणि दोन्ही हातांनी पान सोडवलं.